नव्या बंदिशींचं प्रकाशन: आठ लाखांची ठेव मोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातले एक वाचक, वय ४८, खासगी नोकरी. पत्नी गाण्याचे वर्ग घेतात, मुलगी बारावीत. बँकेत एकूण १४ लाखांच्या ठेवी. आजच्या वाग्गेयकारांच्या (शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्यांच्या) नव्या बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या रचना, स्वरलिपीसह छापणारी छोटी प्रकाशन संस्था दोघांना काढायची आहे. सहा पुस्तकं, प्रत्येकी १,००० प्रती, त्यासाठी ८ लाखांची ठेव मोडायची तयारी आहे.

संस्था जरूर काढा. नव्या बंदिशी वहीतच राहून जातात, त्या छापणारं कुणीतरी हवंच. पण ८ लाख मोडू नका. ठेवींच्या पावत्या वेगवेगळ्या असतील तर सर्वांत लहान मोडा, आणि पहिल्या वर्षाची मर्यादा दीड लाख ठेवा: एक पुस्तक, ३०० प्रती.

कारण हिशेबात आहे. १६० पानांचं, सुमारे ४० बंदिशींचं पुस्तक धरा. खालचे आकडे अंदाजाचे आहेत, तीन मुद्रकांकडून कोटेशन घेऊन ते पक्के करा. स्वरलिपीची अक्षरजुळणी पानाला २०० रुपयांनी ३२,०००, मुद्रितशोधन १२,०००, मुखपृष्ठ ५,०००, पुस्तकासोबतचं बंदिशींचं ध्वनिमुद्रण ३०,०००, छपाई-बांधणी प्रतीला १७० रुपयांनी ५१,०००. एकूण १,३०,०००. किंमत ५०० ठेवली, बंदिशकाराला १० टक्के मानधन दिलं, तर थेट विक्रीत टपाल-पॅकिंग वजा जाता हातात ३९० येतात. दुकानदाराला ४० टक्के सूट दिली की उरतात २५०. पंधरा प्रती भेट आणि ग्रंथालयांना जातील. उरलेल्या २८५ पैकी १७० थेट आणि ११५ दुकानातून गेल्या, तरी जमा साधारण ९५,०००. म्हणजे पहिली आवृत्ती संपूनही ३५,००० तोटा. दुसऱ्या आवृत्तीत फक्त छपाई-बांधणीचा खर्च असतो, जुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि ध्वनिमुद्रणाचा नसतो, भेटप्रतीही जात नाहीत, तेव्हा ४९,००० च्या आसपास उरतात आणि तोटा भरून निघतो. या धंद्यात कमाई पुनर्मुद्रणात आहे, म्हणून पहिली आवृत्ती लहान हवी.

मुद्रक म्हणेल, हजार काढा, प्रत ९५ रुपयांत पडेल. महिन्याला बारा-पंधरा प्रती गेल्या तर हजार संपायला सहा-सात वर्षं लागतील, तोवर पैसा कागदात अडकतो. ८ लाखांवर साडेसहा टक्के धरले तर वर्षाचं ५२,००० व्याज जातं ते वेगळं. सहाही पुस्तकांच्या हजार-हजार प्रतींचे गठ्ठे घरात ठेवून मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी पैशांची ओढाताण होणार.

पैशांपेक्षा जास्त लक्ष करारांकडे द्या. सहा बंदिशकारांकडून आजच सह्या घ्यायचा विचार असेल तर थांबा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क घेऊन एक वर्षात वापरले नाहीत, आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर ते परत जातात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा मुदत, प्रदेश, मानधन आणि 'पहिलं प्रकाशन अमुक तारखेपर्यंत' ही वाक्यं करारात हवीतच. कायद्यात 'संगीतकृती'त स्वरलिपी येते, शब्द येत नाहीत. शब्द दुसऱ्या कवीचे असतील तर त्यांची वेगळी लेखी परवानगी घ्या. ध्वनिमुद्रणात गाणाऱ्याचे हक्क आणखी निराळे. खर्च कमी करायचा असेल तर चाळीसच्या चाळीस नको, निवडक दहा-बारा बंदिशीच ध्वनिमुद्रित करा.

जुळणीत सर्वांत जास्त गोंधळ होतो. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखालची रेघ, मंद्राचा (खालच्या सप्तकाचा) खालचा बिंदू, तारचा (वरच्या सप्तकाचा) वरचा बिंदू, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, यांतलं काहीही फाँट बदलला की गळतं आणि कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो. त्रितालाच्या सोळा मात्रा कोष्टकाच्या रकान्यांतच बसवा, स्पेस देऊन नको. मुद्रकाला बदल करता येईल अशी उघडी फाईल देऊ नका, फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या. तपासताना पत्नींनी नुसत्या छापील पानावरून गावं आणि बंदिशकाराने मूळ वही पाहावी. आकार मोठा, डेमी एक चतुर्थांश (साधारण ए-४ कागदाएवढा), आणि बांधणी शिवणीची असावी. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं पुस्तक हार्मोनियमवर उघडं राहत नाही, दाबलं की पानं सुटतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो, छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणीही मोफत. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण म्हणूनच छपाईच्या बिलातला जीएसटी परत मिळत नाही. वेगळी पीडीएफ किंवा ध्वनिमुद्रण विकणार असाल तर आधी सीएला विचारा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरलेल्या तीन ग्रंथालयांना प्रत पाठवणं बंधनकारक आहे. पाठवणीसाठी टपाल खात्याची २०२५ मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा स्वस्त पडते.

छपाईआधी वर्गातले विद्यार्थी, विशारद-अलंकार या संगीत परीक्षांची तयारी करणारे, विजयपूर-कलबुर्गीकडचे शिक्षक यांच्याकडून किमान ७० प्रतींची आगाऊ नोंदणी पैशांसकट घ्या. तेवढी झाली नाही तर छपाई पुढे ढकला. छापल्यानंतर बारा महिन्यांत १५० प्रतींचे पैसे खात्यात आले तरच दुसऱ्या पुस्तकाच्या करारावर सही करा.