वाचकांचे प्रश्न : झोपण्याच्या खोलीसाठी संगणकाचे स्पीकर

प्रश्न : माझ्या झोपण्याच्या खोलीचे माप दहा फूट बाय अकरा फूट असून संगणकाचे टेबलही तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर शास्त्रीय गायन ऐकावे, सुटीच्या दिवशी एखादा चित्रपट पाहावा, एवढीच माझी गरज आहे. तीन हजार, फार तर साडेतीन हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदार मात्र सबवूफर असलेला टू पॉइंट वन संचच घ्या, असा आग्रह धरतात आणि खोक्यावर छापलेले ‘४००० वॉट’ दाखवतात. पलीकडच्या खोलीत सासूबाई झोपतात आणि मधली भिंत चार इंची आहे. मी काय घ्यावे?
— एक वाचिका, चिंचवड

उत्तर : सासूबाईंचा आणि भिंतीचा उल्लेख आपण पत्राच्या अखेरीस केला असला, तरी माझ्या दृष्टीने निवडीचा प्रश्न तिथेच सुटतो. सबवूफर, म्हणजे केवळ खालचे स्वर वाजवणारी तिसरी मोठी पेटी, असलेला संच घेऊ नका. दोन लहान स्पीकरांची साधी जोडी, बाजारात जिला टू पॉइंट झिरो म्हणतात ती, घ्या आणि सगळे पैसे त्या दोन पेट्यांवरच खर्च होऊ द्या. साडेतीन हजारांत दोनच पेट्या बनवायच्या असतील, तर त्या बऱ्यापैकी निघू शकतात. त्याच पैशांत तिसरी मोठी पेटी बसवायची ठरली, की लहान दोघींच्या वाट्याला दीड-दोन इंची कोन (स्पीकरचा हलून आवाज काढणारा शंकू) आणि पातळ प्लॅस्टिक येते.

खोक्यावरच्या ‘४००० वॉट’चे आधी पाहू. हा आकडा पीएमपीओ नावाच्या पद्धतीने काढलेला असणार. या मोजणीला सर्वमान्य असे कोणतेही प्रमाण नाही, त्यामुळे छापणाऱ्याला हवा तेवढा आकडा छापता येतो. पाहायचा तो आरएमएस वॉटचा आकडा, कारण सातत्याने मिळणारी शक्ती तो सांगतो. तोही दिलेला नसेल, तर सोबतचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे ५ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअर असे लिहिले असेल, तर संचात ५ वॉटच शिरतात, आणि शिरतात त्याहून अधिक वॉट सातत्याने बाहेर पडणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. संगणकाच्या यूएसबी पोर्टवर चालणाऱ्या स्पीकरांनाही हीच कसोटी लावता येते : यूएसबी २.० च्या पोर्टातून प्रमाणानुसार ५०० मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात आणि ३.० च्या पोर्टातून साडेचार.

अडीच वॉट ऐकून नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. समजा, एखादा लहान स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८२ डेसिबेल इतका आवाज देतो. आपण त्याच्यापासून जेमतेम दोन फुटांवर बसणार, म्हणजे तोच आवाज आपल्या कानाशी सुमारे ८६ डेसिबेल भरेल. माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबेलच्या आसपास असते. तेवढ्या पातळीवर गाणे ऐकायला एका वॉटचा साधारण चारशेवा भाग पुरतो, आणि तानेच्या किंवा तबल्याच्या उठावात आवाज वीस डेसिबेलने उसळला तरी पाव वॉटाच्या वर जाण्याची वेळ येत नाही. निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ४५ डेसिबेलची मर्यादा घातलेली आहे, हेही लक्षात घेतले, तर वॉटांच्या मागे धावणे किती निरर्थक आहे ते कळते.

सबवूफरला माझा विरोध आहे तो मुख्यतः आपण शास्त्रीय गायन ऐकता म्हणून. स्वस्त संचातील लहान पेट्यांना दीडशे-दोनशे हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) खालचे स्वर झेपत नाहीत, त्यामुळे तिथून खालचे सगळे काम टेबलाखालच्या मोठ्या पेटीकडे सोपवलेले असते. आता पुरुष गायकाने काळी एक हा षड्ज धरला असेल, तर त्याच्या मध्य सप्तकातला सा सुमारे १३९ हर्ट्झचा आणि पंचम २०८ हर्ट्झचा असतो. म्हणजे आलापी मध्य षड्जाभोवती फिरत असताना आवाजाचा गाभा आपल्या पायांपाशी आणि त्याची धार पडद्याच्या दोन्ही बाजूंना, अशी गायकाची फाळणी होते. त्याने पंचम ओलांडला, की तो टेबलाखालून उठून वर येऊन बसतो. प्रत्यक्षात ही वाटणी इतकी काटेकोर नसते, तरी एकदा लक्षात आली की कान तिथेच अडकतात. स्त्री गायिकांच्या बाबतीत षड्जच वरचा असल्याने हा त्रास कमी जाणवतो, पण डग्ग्याचे काय? त्याची घिसकारी, मिंडेने वर-खाली होणारा त्याचा नाद, या स्वस्त पेट्यांतून एकाच सुरातल्या ‘धम्म’मध्ये बुडून जातो.

दुसरे कारण आपल्या खोलीच्या मापात आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट ज्याची तरंगलांबी असते, तो स्वर त्या खोलीत रेंगाळत राहतो. दहा फुटांसाठी हा स्वर येतो ५६ हर्ट्झचा, अकरा फुटांसाठी ५१ हर्ट्झचा, आणि आपले छत सर्वसाधारण सदनिकेप्रमाणे साडेनऊ फुटांवर असेल, तर जमीन आणि स्लॅब यांच्यामध्ये ५९ हर्ट्झचा. तिन्ही स्वर दहा हर्ट्झच्या आत दाटीवाटीने बसले आहेत, आणि सबवूफर नेमका याच पट्ट्यात घुमतो. खोली लांबट असती, तर हे घुमणे विखुरले गेले असते. शिवाय इतके खालचे स्वर चार इंची भिंत फारसे अडवत नाही, आणि पेटी जमिनीवर ठेवलेली असल्याने कंप स्लॅबमधून खालच्या मजल्यावरही उतरतो. सासूबाईंना शब्द ऐकू येणार नाहीत, नुसती धडधड ऐकू येईल, आणि झोपू पाहणाऱ्याला शब्दांपेक्षा तीच अधिक जाचते. खोलीत लोखंडी कपाट असल्यास त्याच्या आतल्या लॉकरचे सैल दार विशिष्ट स्वराला खडखडू लागते, हा अनुभव अनेक घरांत येतो. दोष मात्र स्पीकरच्या माथी मारला जातो.

लहान जोडीत खर्ज मिळेल का, ही शंका रास्त आहे. अडीच-तीन इंची कोन शंभर हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाही, आणि काळी एकच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार तर ६९ हर्ट्झची. तरीही तो खर्ज आपल्याला कळतो, कारण त्या तारेचे वरचे उपस्वर स्पीकर नीट वाजवतो आणि त्यांच्यावरून मूळ स्वर मेंदू स्वतः जुळवून घेतो. आवाज अगदी हळू ठेवल्यावर खालचे स्वर आणखी ओसरल्यासारखे वाटतील. तो कानाचा धर्म आहे, आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मनसन यांनी १९३३ मध्येच तो मोजून दाखवला होता. त्यावर उपाय म्हणून संगणकातील इक्वलायझरमध्ये (स्वरांचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीत) १०० ते २०० हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबेलने उचलावा. त्याहून खालच्या पट्ट्यांना हात लावू नये, कारण लहान कोन तिथे केवळ फडफडेल.

नावेच हवी असतील, तर क्रिएटिव्ह कंपनीचा पेबल हा यूएसबीवर चालणारा संच आपल्या गरजेला जवळचा आहे. त्याचे सव्वादोन इंची कोन ४५ अंशांत वर वळवलेले असल्यामुळे टेबलावर ठेवल्यावर आवाज छातीवर न आदळता कानांकडे येतो. लॉजिटेकचा झेड१२० त्याहून स्वस्त आणि बोलणे स्पष्ट ऐकवणारा आहे, पण गाण्यासाठी मी तो सुचवणार नाही. पुढेमागे खर्चाची मर्यादा अडीच-तीन पटींनी वाढवता आली, तर एडिफायरच्या आर१२८०टी सारखी चार इंची वूफर (खालच्या स्वरांचा कोन) आणि स्वतंत्र ट्वीटर (वरच्या स्वरांसाठीचा) असलेली लाकडी पेट्यांची जोडी जरूर ऐकावी. तिथे मात्र फरक पहिल्या मिनिटात कळतो.

पुण्यातील तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा जवळच्या दुकानात खरेदीला जाताना आपल्या ओळखीचे एक गाणे आणि कुणाचे तरी साधे भाषण मोबाइलमध्ये घेऊन जा. दुकानदार आवाज मोठा करून दाखवतील, तेव्हा आपण तो कमी करायला सांगा. भाषण लावून बटण अगदी खाली, ऐकू येईल न येईल इतके आणा आणि बोलणारा दोन पेट्यांच्या बरोबर मध्यभागी राहतो का, ते पाहा. आवाजाच्या स्वस्त बटणांमध्ये डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ या टोकाला हमखास बिघडतो, एक बाजू आधी मालवते. आणि रात्री आपण ऐकणार आहात ते याच टोकाला. बटण फिरवताना खरखर आली, तर तो नग परत ठेवा. मग गाणे थांबवा आणि पेटीला कान लावून मुळातला ‘सस्स’ आवाज किती आहे तो ऐका. दुकानाच्या गलबल्यात तो कळणार नाही, म्हणून दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात जोडणी करून मागायला संकोच करू नका. पॉवरचा दिवा किती प्रखर आहे हेही तिथेच पाहून घ्या. अंधाऱ्या खोलीत रात्रभर डोळ्यांवर येणारा निळा दिवा हे स्पीकर बंद पडण्याचे नसले, तरी माळ्यावर जाण्याचे कारण नक्की ठरते.

घरी आल्यावर दोन पेट्यांमधील अंतर आणि प्रत्येक पेटीचे आपल्या डोक्यापासूनचे अंतर सारखे ठेवा, आणि पेट्या भिंतीला व कोपऱ्याला चिकटवू नका. शक्य तर टेबल सासूबाईंच्या खोलीकडची भिंत सोडून दुसऱ्या भिंतीला लावा.

प्रश्न : लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरमधून सतत घुर्र असा बारीक आवाज येतो. चार्जर काढला की तो थांबतो. स्पीकर बदलून घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चार्जर काढल्यावर आवाज थांबतो, याचा अर्थ स्पीकर निर्दोष आहे. लॅपटॉप आणि स्पीकर या दोघांचेही विजेशी स्वतंत्र नाते असते आणि ऑडिओची वायर त्यांना तिसऱ्या वाटेने जोडते. अशा वळशातून जो नको असलेला प्रवाह फिरतो, त्याचा तो आवाज आहे. प्रथम दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा आणि त्या बोर्डाचे अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते, असे अनेकदा आढळते. तेवढ्याने भागले नाही, तर ऑडिओच्या वायरीत बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर काहीशे रुपयांत मिळतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. आवाज जाईल, पण त्याबरोबर शॉकपासूनचे संरक्षणही जाईल.

प्रश्न : मुलाकडे एक गोल ब्लूटूथ स्पीकर आहे. संगणकासाठी तोच वापरला तर काय बिघडेल?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : बातम्या आणि अभ्यासाची व्याख्याने यांसाठी काहीच बिघडणार नाही. एकाच पेटीतून डावी-उजवी बाजू वेगळी कळत नाही, हा एक भाग. दुसरा भाग विलंबाचा : ब्लूटूथमधून आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज जातो. चित्रपट दाखवणारे अनेक प्रोग्रॅम चित्र तेवढेच मागे ठेवून हे सांभाळून घेतात, पण संगणकावरील खेळांत ते शक्य नसते आणि संगणकावर हार्मोनियम किंवा वाद्याच्या की-बोर्डचा सराव करताना तर बोट आणि सूर यांची ताटातूट होते. स्पीकरला ऑक्सचे भोक असेल, तर साध्या वायरने जोडा; विलंब संपेल.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या म्युझिक सिस्टीमचे दोन लाकडी स्पीकर माळ्यावर पडून आहेत. ते थेट संगणकाला जोडता येतील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : थेट नाही. त्या पेट्यांत अ‍ॅम्प्लिफायर नसतो आणि संगणकाच्या ऑडिओ जॅकची शक्ती त्यांना हलवायला पुरत नाही. वडिलांच्या सिस्टीमचा मुख्य भाग अजून चालू असेल, तर त्याच्या मागे ‘ऑक्स’ किंवा ‘टेप इन’ असे लिहिलेली लाल-पांढरी भोके शोधा आणि एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन व दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेल्या वायरने संगणक तिथे जोडा. ‘फोनो’ लिहिलेल्या भोकांत ती वायर खुपसू नका, कारण ती रेकॉर्ड प्लेअरच्या अत्यंत क्षीण संदेशासाठी असतात आणि तिथे संगणकाचा आवाज फाटून येतो. मुख्य भाग बिघडला असल्यास लहानसा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर दीड-दोन हजारांत मिळू शकतो. घेण्यापूर्वी पेट्यांच्या पाठीवर ४ ओहम लिहिले आहे की ८, ते पाहून तेवढे चालणारा निवडा.

खर्च करण्याआधी जाळी काढून कोनाच्या कडेची फोमची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहा. वीस-पंचवीस वर्षांच्या पेट्यांत ती बहुधा चुरा होऊन पडलेली असते. रबरी किंवा कापडी कडा असेल, तर मात्र ती अजून शाबूत असण्याची बरीच शक्यता आहे. फोम गेला असेल, तरी कोन आणि आतली कॉइल धड असल्यास स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर नवी पट्टी बसवून देतात. कोन दोन्ही बाजूंनी अलगद दाबल्यावर आत घासल्याचा आवाज आला, तर कॉइल वाकलेली आहे, असे समजावे आणि त्या पेटीवर पैसे घालू नयेत.