‘अबी माय’ आणि सासूबाई

प्रश्न : माझे मिस्टर कुवेतला आहेत, पुढच्या वर्षी मुलांना घेऊन मीही जाणार. कुराण वाचता येतं, पण अरबीत एक वाक्य बोलता येत नाही. सासूबाई म्हणतात, “वाचतेस ना, मग बोलणं आपोआप येईल.” यावरून घरात रोज कुरबुर. – एक भगिनी, वाळपई

उत्तर : ताई, मी फोंड्याचा. कुवेतला अकरा वर्षं दुकानात काढली. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकानं विचारलं, “श्लोनक?” मी गप्प. शब्दशः अर्थ ‘तुझा रंग कसा?’, म्हणजे ‘कसा आहेस?’ बाईला विचारताना ‘श्लोनिच’. पाणी हवं तर ग्रंथाच्या अरबीत ‘उरीदु मा-अन’, तिथल्या बाजारात ‘अबी माय’. तेव्हा बोली वेगळी शिकावीच लागते. रोज पाच वाक्यं मिस्टरांकडून फोनवर घ्या, मुलांसोबत मोठ्यानं म्हणा.

पण सासूबाईंचंही अगदी चुकत नाही. तुमचे उच्चार आधीच घोटलेले आहेत, ही मोठी पुंजी. आणि कुरबुरीबद्दल सांगतो. कुराणाच्या सतराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात (आयत म्हणजे वचन, २३) म्हाताऱ्या आईवडिलांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका, असं आहे. सासूलाही मी त्यातच धरतो. तिसाव्या सूरेतली एकविसावी आयत दोघी मिळून वाचा. पती-पत्नीच्या नात्यात माया आणि दया ठेवली, असं ती सांगते. तिथला ‘लितस्कुनू’, म्हणजे निवांतपणा मिळावा म्हणून, आणि घर या अर्थाचा ‘मस्कन’, दोन्ही एकाच धातूचे. त्या वाचतील, तुम्ही अर्थ सांगा. आज संध्याकाळीच, चहा झाल्यावर.