विकासदर नव्हे हो, वाढीचा दर

फोंड्याहून एकाने विचारलंय, टीव्हीवर विकासदर म्हणतात, पुस्तकात वृद्धिदर असतो, बरोबर कुठलं? आणि अर्थव्यवस्था उदयोन्मुख की उभरती?

विकासदर ऐकलं की माझं डोकंच फिरतं. टक्क्यांत सांगतात ती वाढ, म्हणजे यंदाचं उत्पादन गेल्या वर्षापेक्षा किती जास्त, बस. भारत ६-७ टक्क्यांनी वाढतो, अमेरिका २-२.५ ने, तर परवा मासळी बाजारात एकजण मला ठासून सांगत होता की विकासात आपण अमेरिकेच्या तिप्पट पुढे! अरे बाबा, तिथे वर्षाचं उत्पन्न माणशी ८०,००० डॉलरच्या वर, आपल्याकडे २,५०० च्या आसपास, मग त्यांचे २ टक्के म्हणजे १,६०० डॉलर आणि आपले ७ टक्के म्हणजे १७५. वृद्धिदर चूक नाही, पण ‘वाढीचा दर’ असताना कशाला?

विकास म्हणजे मुळात उमलणं, ते सगळ्यांना माहीत, सोडा. गंमत ‘वाढणे’त आहे. मूल वाढतं आणि जेवणही वाढतात, कोकणीत ‘वाडप’ही दोन्हीला चालतं. कोशवाले दोन्ही, ‘वाढ होणं’ अर्थाच्या संस्कृत धातू वृध्‌वरून आले म्हणून मोकळे होतात, मला अजिबात पटत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘वर्ध छेदनपूरणयोः’ असा वेगळा धातू आहे, छेदन म्हणजे कापणं, पूरण म्हणजे भरणं. वर्धकी म्हणजे सुतार, हिंदीतला बढई, तो मला याच घरातला वाटतो. आता देवळातली पंगत आठवा, वाढपी टोपातल्या खतखत्याचा, म्हणजे मिश्र भाजीचा, हिस्सा तोडतो आणि पानातली रिकामी जागा भरतो, छेदन नि पूरण, दुसरं काय! आमचे एक संस्कृतचे मास्तर याला ओढूनताणून म्हणतात, म्हणोत बापडे, पण नुसत्या वृध्‌मधून डाव नि पळी कुठून काढणार तेही सांगावं की. टोप मोठा झाला तर टक्के वाढतात, शेवटच्या पंगतीला मात्र बहुतेक वेळा खतखत्याचा रसच येतो, फोडी आधीच संपलेल्या.

हां, उदयोन्मुख राहिलंच. ‘तिसरं जग’ म्हटलं की गुंतवणूकदार बिचकतात म्हणून १९८१ मध्ये जागतिक बँक समूहातल्या अँतुआन व्हान आग्तमाल यांनी ‘इमर्जिंग मार्केट’ हा मूळ इंग्रजी शब्द काढला. ‘उभरती’ सरळ हिंदी आहे, २०१६ ला बाणावलीत ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) परिषद झाली तेव्हा तर ऐकून कान किटले होते. उदयोन्मुख ठीक, पण गायक-नटांना लावून लावून झिजलाय. ‘उगवती’ म्हणा ना.