लेहची ऑर्डर आली आहे, तयारी काय करू?

प्रश्न : मॅडम, मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट आहे. दोन वर्षं पुण्यात वॉर्ड ड्यूटी केली, आता लेहची पोस्टिंग आली आहे. आई रोज रडते. मला थंडीची भीती नाही, रात्रपाळीत एकटी असताना हातून चूक होईल याची आहे. — एक वाचक, सातारा

उत्तर : बाळा, तुझी भीती योग्य जागी आहे. मी गेले तेव्हा लोकरीच्या मोज्यांपलीकडे विचार केला नव्हता.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर बरंच वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. पहिले सहा दिवस शरीराला हवेची सवय करण्यासाठी असतात. त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. मी दुसऱ्याच दिवशी ट्रंक उचलून जिना चढले. डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या, तरी रात्रीपर्यंत कुणाला बोलले नाही. आल्या आल्या पेशंट व्हायची लाज वाटली. आमच्या मेट्रननी माझे ओठ पाहिले आणि तडक ऑक्सिजन लावला. तशी लाज तू धरू नकोस.

कारण जवानही हेच करतात. इतक्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याला तिकडे सगळे ‘हॅपो’ म्हणतात. सुरुवात साध्या खोकल्याने होते आणि रात्रीत माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. मराठा लाइट इन्फंट्रीचा एक कोल्हापूरकडचा मुलगा मला सांगत राहिला, बुखारीच्या (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या) धुराने खोकला येतोय. “त्रास होतो का?” असं विचारलं तर जवान “नाही” असंच म्हणतो. मी मराठीत विचारलं, “काल आडवा झोपलास की बसून?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “बसूनच, ताई.” फुप्फुसात पाणी भरलं की आडवं पडल्यावर दम लागतो. लगेच डॉक्टरांना उठवलं, ऑक्सिजन सुरू केला. तो वाचला. हा प्रश्न तू प्रत्येक खोकणाऱ्याला विचार, आणि शंका आली की डॉक्टरांना उठव. झोपमोड झाली म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

हिमदंशाने काळीनिळी पडलेली बोटं चोळायची नाहीत, बुखारीजवळ धरायची नाहीत. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवायची, आणि वेदनाशामक आधी द्यायचं. बोटांत रक्त परत येताना होणारी कळ फार भयंकर असते. त्या वेळी त्याच्याजवळ बसून राहा. मला सियाचीनहून आणलेल्या मुलांचे चेहरे अजून आठवतात.

आईला तुझा पत्ता ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा मिळेल, त्यात गावाचं नाव नसेल. त्याने ती घाबरेल, म्हणून आधीच समजावून सांग. उतरल्याचा फोन तिला लगेच कर, पण पलंगावर पडूनच.