घरातली कोरियन पुन्हा शिकताना

तुझी आई कोरियन, तुला ऐकलेलं सगळं समजतं, पण बोलताना अडतं. मग अगदी पहिल्या वर्गात बसू नकोस, कंटाळशील. तुझा कान पुढे आहे, लिहिणारा हात मागे.

हांगुलची, म्हणजे कोरियन लिपीची, 24 मूळ अक्षरं पटकन येतात. खरा त्रास शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचा. 'समोर' या अर्थाचा शब्द एकटा उच्चारला की 'आप' ऐकू येतो, पुढे प्रत्यय लागला की 'आफे'. म्हणजे लिहिताना शेवटी 'फ'चं अक्षर. शंका आली की प्रत्यय जोडून मोठ्याने म्हण, आजीच्या तोंडचं रूप आपसूक आठवेल. नवख्या विद्यार्थ्याकडे ही शिदोरी नसते!

घरात आपण शिकतो ती बहुधा बानमाल, अरे-तुरेची भाषा. आईच्या मैत्रिणींशी तशी बोललीस तर उद्धट वाटेल. 'मी' म्हणताना 'ना'ऐवजी नम्र 'चो' म्हण, वाक्याच्या शेवटी 'यो' येऊ दे. ही सवय आत्ताच लाव, नंतर फार जड जातं.

आजी बुसानची असेल तर तिचा हेल पुस्तकातल्या सोलच्या बोलीशी जुळणार नाही. तो चुकीचा समजून टाकून देऊ नकोस. टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा पुढच्या वर्षी दिलीस तरी चालेल, आजीला फोन मात्र याच रविवारी लाव.