आप्पांचं मन कशात रमेल?

"ताई, आमचे सासरे, आप्पा, 76 वर्षांचे आहेत. गाव माण तालुक्यात, आयुष्यभर शेती केली. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते आमच्याकडे चिंचवडला आहेत. शेत वाट्याने दिलंय. आम्ही दोघं नोकरीला जातो, मुलगा सहावीत आहे. आप्पा दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात, आवाज इतका मोठा की शेजारी तक्रार करतात. टॅब घेऊन दिला, हास्यक्लबात नाव घातलं, ज्येष्ठ नागरिक संघाचं सभासद केलं. हास्यक्लब चार दिवसांत सोडला, संघाच्या सहलीला नको म्हणाले. काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात, नाहीतर 'मला काय कमी आहे?' म्हणतात. खालच्या मजल्यावरचे एक काका कधीमधी येतात, पण दोघं गॅलरीत नुसते गप्प बसून असतात. गावी भजनाला पखवाज वाजवायचे. तो इथे आणलाय, पण कपाटावर पडून आहे. कार्तिकात गावी जायचं म्हणतात, पण एकटं कसं पाठवायचं? त्यांचं मन रमावं म्हणून अजून काय करू? – एक सून, चिंचवड"

प्रिय सूनबाई,

अजून काही करू नकोस. टॅब, क्लब, संघ, सहल, एवढं पुष्कळ झालं. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटतं, तुला हवं ते बरंचसं त्यातच आहे. तू ते तक्रार म्हणून लिहिलंयस, एवढंच.

आधी कान. टीव्हीचा आवाज मोठा, विचारलं एक तर उत्तर दुसरंच, चारचौघांत जायला नको. ही लक्षणं स्वभावाची कमी आणि कानांची जास्त वाटतात. वयाबरोबर ऐकू कमी येतं तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, त, फ असे वर्ण निसटतात आणि बाकीचा आवाज कानावर पडतच राहतो. त्यामुळे माणसाला "ऐकू येतं" असं वाटतं, पण काय म्हटलं ते लागत नाही. शांत खोलीत समोर बसून बोललं तर निभावतं. बागेत वीस माणसं एकदम बोलायला आणि हसायला लागली की सगळा गलका होतो. विनोद कळला नाही तरी सगळ्यांबरोबर हसायचं, हे स्वाभिमानी माणसाला फार दिवस जमत नाही. आप्पांनी चार दिवसांत क्लब सोडला यात मला तरी काही नवल वाटत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाणं. कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की बराच फरक पडतो. तसं नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, करून घ्या. ही तपासणी सरकारी रुग्णालयांतही होते. कानाचं यंत्र लागलं तर पहिल्या आठवड्यात "नको ही कटकट" असं ऐकण्याची तयारी ठेवा. भांड्यांचा, पंख्याचा, रस्त्याचा आवाज अंगावर येतो. सुरुवातीला घरातच रोज थोडा वेळ लावायचं, मग हळूहळू वाढवायचं. सवय व्हायला काही आठवडे जातात. घाईघाईने यंत्र डब्यात गेलं की ते परत बाहेर येत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. हे उद्यावर टाकू नकोस. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा 14 गोष्टी सांगितल्या. त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. आप्पांच्या बाबतीत एकातून दुसरं झालेलं असू शकतं.

आता खालच्या मजल्यावरचे काका. "नुसते गप्प बसून असतात" असं तू लिहिलंस, जणू काही भेट वायाच गेली. अगं, गावातल्या पारावर दुपारी कोण एवढं बोलत असतं? दोन म्हातारी माणसं शेजारी बसतात, रस्त्याने जाणाऱ्याकडे बघतात, मध्येच कोणीतरी "यंदा पाऊस लांबला" म्हणतं, दुसरा हूं म्हणतो, त्यात तास जातो. ती सोबतच असते. आपल्याला करमणूक दिसली नाही म्हणजे त्यांना ती मिळाली नाही, असं नसतं. तुम्ही आप्पांसाठी जे जे आणलंत त्या सगळ्यापेक्षा हे काका मला मोलाचे वाटतात. त्यांच्या घरी जाऊन सांग, रोज साडेचारला चहाला या. अधूनमधून नको, रोज. दुपारचा चहा थर्मासमध्ये भरून ठेव, दोन कप बाहेर काढून ठेव. गॅलरीत दोन खुर्च्या कायमच्या असू देत, समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. आप्पांना ज्या कानाने बरं ऐकू येतं तो कान काकांच्या बाजूला येईल अशा. कोणीतरी ठरलेल्या वेळी येणार आहे म्हटलं की माणूस चार वाजता तोंड धुतो, सदरा बदलतो. दिवसाला आकार येतो.

नातवात मन रमेल, असं तुला बरेच जण सांगतील. रमेल, पण सहावीतल्या मुलाला शाळा आहे, क्लास आहे, त्याचे मित्र आहेत. आजोबांचा एकटेपणा दूर करायची जबाबदारी त्या पोरावर टाकू नकोस. आप्पांना त्यांच्या वयाचं माणूस हवं. बैलांच्या खोडी, दुष्काळातली चारा छावणी हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही, असं कोणीतरी.

आणि पखवाज. तो कपाटावर आहे हे वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने गावच्या भजनात पखवाज धरला, त्याला गावात एक जागा होती. तो आल्याशिवाय भजन सुरू होत नव्हतं. इथे त्याची वाट कोणीच बघत नाही. 'मला काय कमी आहे' या वाक्यामागे मला हे ऐकू येतं. आपण त्यांना वेळ घालवायला एकेक वस्तू देत राहिलो, पण त्यांच्यावाचून अडेल असं काहीच ठेवलं नाही.

दोन वर्षं हात न लागलेल्या पखवाजाच्या वाद्या, म्हणजे ताण देणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, सैल पडलेल्या असतील, कदाचित पुडीही, म्हणजे तोंडावरचं कातडंही, बदलावी लागेल. ते काम परस्पर करून आणून त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ नका. आळंदी तुमच्यापासून जवळ आहे. तिथे पखवाज दुरुस्त करणारे कारागीर आहेत. एका रविवारी आप्पांना घेऊन जायचं, पखवाज त्यांच्या मांडीवर. शाई कशी आहे, गट्टे कसे ठोकायचे, कुठल्या पट्टीत लावायचा, हे कारागिराशी त्यांनाच बोलू दे. हुज्जत घातली तर घालू दे. पैसेही त्यांच्या हातून दे. घरी आल्यावर तू फक्त कणीक मळून दे. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात, तिच्याने तो घुमतो, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढतात. ती किती घट्ट हवी हे त्यांनाच विचार. बहुधा पहिल्यांदा तुझी कणीक सैल होईल आणि ते तुला सांगतील.

एक विनंती. ते वाजवायला बसले की मोबाइल काढू नका, टाळ्या वाजवू नका, कोणाला बोलावून दाखवू नका. मनगट दुखलं, हात चालला नाही, तर त्यांना ते चारचौघांत कळायला नको. नाहीच वाजवावंसं वाटलं तरी ठीक आहे. जवळच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो का, याची चौकशी कर. पखवाज धरणारा माणूस भजनी मंडळाला नेहमीच हवा असतो. तिथे त्यांना "करमणुकीसाठी या" असं कोणी म्हणणार नाही, "बुवा, आज येताय ना?" असं विचारतील.

आणखी एक विचारते, रागावू नकोस. सासूबाईंचं नाव तुमच्या घरात निघतं का? आप्पांना त्रास होईल म्हणून पुष्कळ घरांत गेलेल्या माणसाचा विषयच बंद होतो. एवढ्या वर्षांचा संसार ज्यांनी केला, त्यांना तो विषय आठवत नाही असं थोडंच आहे? भाकरी करताना सहज म्हण, "आईंसारखी होत नाही माझी." मग ते काय बोलतात ते ऐक. काही बोलले नाहीत तरी चालेल. जेवण तुटलं, झोप उडाली, "आता कशाला जगायचं" अशी भाषा सुरू झाली आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर मात्र वयाचं कारण देऊन बसू नका, डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठांसाठी 14567 ही देशभरातली मोफत हेल्पलाइन आहे, तिथे तूही फोन करू शकतेस.

हे पत्र तू लिहिलंस, तुझ्या नवऱ्याने नाही, हे माझ्या लक्षात आलंय. संघाचं सभासद तू केलंस, क्लबात नाव तू घातलंस, असं दिसतं. कानांची तपासणी आणि आळंदीचा रविवार ही दोन कामं मुलाची. वडिलांबरोबर गाडीतून जाताना मुलगा शेजारी असावा लागतो. तिथे सून कितीही गुणाची असली तरी पुरत नाही. हा परिच्छेद त्याला वाचून दाखव, माझं नाव सांग.

आता कार्तिक. त्यांना गावी जाऊ दे. कोजागिरीनंतर पहाटेचा काकडा सुरू होतो, रब्बीची ज्वारी वर आलेली असते, वाटेकऱ्याने काय केलंय ते त्यांना स्वतः बांधावर उभं राहून बघायचं असणार. 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, वयाचा पुरावा बरोबर असू दे. स्वारगेटहून दहिवडीच्या गाडीत बसवून द्या, पलीकडे भावकीतलं कोणीतरी उतरवून घेईल. गोळ्या असतील तर दिवसांप्रमाणे डबीत भरून दे, जेवणाचं एका घरी ठरव, पैसे देऊन ठरव म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही. खालच्या काकांनाही विचार, कदाचित तेही दोन दिवस बरोबर जातील. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा आणि त्याचे बाबा जाऊन येऊ देत.

परतायची तारीख मात्र तुम्ही ठरवू नका, ती आप्पांना ठरवू दे.

– तुझी ताई