स्वच्छ ऊर्जेच्या रकान्यातलं सरपण आधी बाहेर काढा

नवीकरणीय ऊर्जा आणि धोरण-अनिश्चितता यांचा कार्बन उत्सर्जनावर काय परिणाम होतो, या तुमच्या प्रबंधात १९९० ते २०२० च्या भारताच्या आकड्यांवरून 'नवीकरणीय ऊर्जेचा वाटा वाढला की कार्बन उत्सर्जन घटतं' असं ठसठशीत उत्तर आलंय, तरी गाइड सही करत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या प्रबंधात अगदी हेच झालं होतं, म्हणून राहवलं नाही. चाचण्या, लॅग (आधीच्या वर्षांचे आकडे जोडणं) वगैरे तुम्ही केलंच असणार, ते सोडते.

तुम्ही बहुधा जागतिक बँकेचा 'अंतिम ऊर्जावापरातला नवीकरणीय वाटा' घेतला आहे. त्यात चुलीतलं सरपण आणि शेणीही धरतात! म्हणून तर १९९० साली, सौर पॅनेल नावालाही नसताना, तो निम्म्याच्या आसपास दिसतो. पुढे गॅस आला, वीज पोचली, कोळसा वाढला आणि वाटा उतरला. सरपणाचा धूर जीवाश्म इंधनांच्या उत्सर्जनात मोजत नाहीत. वाट्याची रेघ खाली, उत्सर्जनाची वर, मग सहगुणक (दोन्हींचं नातं सांगणारा आकडा) ऋण येणारच.

आमच्या गावी आई पावसाळ्यात ओल्या फाट्यांवर फुंकणी मारून डोळे लाल करून घ्यायची. ती चूल मी प्रबंधात 'स्वच्छ ऊर्जा' म्हणून मोजली होती. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाह्य परीक्षकांनी एवढंच विचारलं, "१९९० साली ही ऊर्जा कुठे तयार होत होती?"

प्रकरण तीन आठवड्यांत नव्याने लिहिलं. विद्यापीठाच्या एका विभागाने मात्र आठ महिने खाल्ले. शीर्षक बदलत नव्हतं, तरी नवा अर्ज, नवी शिफारस, आणि दर खेपेला "फाइल वर गेलीय". तेवढ्यात फेलोशिप संपली. अजूनही आठवलं की संताप होतो.

मी अर्थमितीची तज्ज्ञ नाही, गाइडचं ऐका. पण माझं मत ठाम आहे: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची मासिक वीजनिर्मिती घ्या, सौर-पवन वेगळी, कोळसा वेगळा. धोरण-अनिश्चिततेचा, म्हणजे सरकारी धोरणांबद्दलची अनिश्चितता बातम्यांवरून मोजणारा, भारताचा निर्देशांक २००३ पासूनच आहे. वार्षिक सरासरी काढली तर जेमतेम वीस बिंदू उरतात, नोटाबंदीचा महिनाही त्यात बुडतो. शिवाय तो सात इंग्रजी दैनिकांवरून काढतात, हे मर्यादांमध्ये लिहा.

अनिश्चिततेचं चिन्ह, म्हणजे तिने उत्सर्जन वाढतं की घटतं, हे आधीच ठरवू नका. कारखानदार विस्तार लांबवतो तेव्हा कोळसा कमी जळतो, पण सौर प्रकल्पवालाही थांबतो. आयात पॅनेलवर जुलै २०१८ मध्ये २५ टक्के संरक्षक शुल्क लागलं, एप्रिल २०२२ मध्ये ४० टक्के सीमाशुल्क. हे महिने आलेखावर खुणेने दाखवा.

आणि दुरुस्तीचा अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.